सातमाळ रांगेतील पाच दिवसांची पायपीट: मुळाणे बारी ते चांदवड

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणीकडे निघाले की उत्तरेच्या क्षितिजावर डोंगरांची एक लांबच लांब ओळ दिसू लागते. सप्तशृंगीचा गड, त्याच्या शेजारचा मार्कंड्या, जोडीने उभे असलेले रवळ्या आणि जवळ्या, त्यापुढे धोडपचा उभट माथा, आणि पूर्वेकडे विरळ होत गेलेली कंचना, राजधेर, इंद्राई यांची शिखरे. नाशिकच्या बहुतेक डोंगरभटक्यांनी यातील तीन-चार किल्ले तरी एकेका रविवारी केलेले असतात. पहाटे गाडीने पायथा गाठायचा, दुपारपर्यंत माथा पाहायचा आणि रात्री घरी जेवायला हजर राहायचे, अशी ही रीत आहे. हेच डोंगर पाठीवर अंथरूण आणि शिधा घेऊन सलग चालायचे ठरवले की मात्र हिशेब पूर्ण बदलतो. किती किल्ले झाले याला महत्त्व उरत नाही. आज सकाळी सोडलेल्या पाण्यापासून संध्याकाळच्या पाण्यापर्यंत पोहोचता येईल का, आणि मध्येच कोणाचा पाय मुरगळला तर कोणत्या खिंडीतून कोणत्या गावात उतरता येईल, या दोन प्रश्नांवर सगळी आखणी उभी राहते. या लेखात पुढे हीच आखणी टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

आधी रांग समजून घ्यावी

सातमाळ रांग सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून फुटून पूर्वेकडे जाते आणि पुढे अजिंठ्याच्या डोंगरांशी जोडली जाते. तिच्या उत्तर उतारावर पडलेले पाणी गिरणेतून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला मिळते, तर दक्षिण उतारावरचे पाणी कादवेसारख्या नद्यांतून गोदावरीत उतरून बंगालच्या उपसागराकडे जाते. ही भूगोलाच्या पुस्तकातील माहिती प्रत्यक्ष चालताना फार उपयोगी पडते. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालणाऱ्याच्या डाव्या हाताला नेहमी कळवण आणि देवळा तालुका असतो, उजव्या हाताला दिंडोरी आणि पुढे चांदवड. वाट चुकली, धुके आले किंवा अंधार पडला तरी आपण कोणत्या बाजूच्या ओढ्यात शिरलो आहोत एवढे कळले की खाली कोणते गाव भेटेल याचा अंदाज बांधता येतो. मोहिमेला निघण्यापूर्वी प्रत्येक सहकाऱ्याला ही डाव्या-उजव्या हाताची खूण तोंडपाठ असावी.

दुसरी गोष्ट दगडाची. हे सगळे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झालेले आहेत, म्हणून त्यांची बांधणी जिन्यासारखी आहे. एक उभा कातळपट्टा, त्यावर गवताचा सपाट टप्पा, त्यावर पुन्हा कातळपट्टा. नवख्या माणसाला वाटते की रांग ओलांडायची म्हणजे माथ्यामाथ्याने चालायचे. तसे केल्यास प्रत्येक शिखराच्या टोकाशी कडा आडवा येतो आणि आल्या पावली परतावे लागते. सातमाळेत लांबची वाट बहुधा कातळाच्या पायथ्याशी असलेल्या टप्प्यावरून आडवी जाते, एका खिंडीत उतरते आणि पुढच्या डोंगराच्या तशाच टप्प्यावर चढते. गुराख्यांच्या वाटाही याच पातळीवर असतात. पाणीही बहुतेकदा येथेच भेटते, कारण दोन थरांच्या सांध्यात, विशेषतः जेथे तांबड्या मातीसारखा मऊ थर दिसतो तेथे, झिरपा असतो आणि जुन्या लोकांनी अनेक टाकी अशाच जागा हेरून खोदली आहेत.

कधी जावे

दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ माझ्या मते सर्वांत योग्य. पावसाळ्यात दरीतून वर येणाऱ्या ढगांमुळे दहा पावलांवरचे दिसत नाही आणि कातळावर शेवाळ धरलेले असते. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेइतके वाढलेले असते, त्यामुळे पायाखालची वाट आणि पायाखालचा साप दोन्ही दिसत नाहीत. मार्चपासून टाकी आटू लागतात, गवत वाळून कोळ होते आणि वणव्याचा धोका वाढतो.

या चांगल्या काळालाही एक खोड आहे आणि ती म्हणजे कुसळे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सातमाळेच्या पठारांवरचे गवत पक्व होते आणि त्याची कुसळे मोजे, नाड्या, पॅन्टीचा तळ यांत घुसून दिवसभर टोचत राहतात. सुती किंवा लोकरी कापडात ती घट्ट रुततात, गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या कापडावरून बऱ्याच अंशी निसटतात. घोट्यावर बांधायची कापडी पट्टी ही येथे चैनीची वस्तू समजू नये.

थंडीला कमी लेखू नये. याच रांगेच्या दक्षिणेकडील निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि खिंडीत रात्री वारा सुटला की प्रत्यक्ष पाऱ्यापेक्षा अंगाला जास्त झोंबते. चैत्रोत्सव आणि नवरात्र या काळात वणीकडचे सर्व रस्ते सप्तशृंगीच्या भाविकांनी भरलेले असतात, तेव्हा सुरुवातीचा दिवस त्यात येणार नाही याची काळजी घ्यावी.

सराव आणि माणसे

पाच दिवसांच्या चालीसाठी व्यायामशाळेतील ताकदीपेक्षा ओझ्याची सवय अधिक कामाची. नाशिककराला सरावाची जागा शोधायला लांब जावे लागत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पांडवलेणी किंवा चामरलेणीच्या पायऱ्या पाठीवर पाच-सहा किलो घेऊन चढाव्यात, नंतर दहा किलो घेऊन रामशेज करावा, आणि शेवटी अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवर पूर्ण ओझ्यासह सलग दोन दिवस चालून पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदे, टाचा आणि गुडघे काय म्हणतात ते ऐकावे. नवे बूट थेट मोहिमेवर घालणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून बाकीच्यांनी वाहून न्यावे लागते, हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

गट चार ते सहा जणांचा असावा. तिघांपेक्षा कमी असल्यास एखादा जखमी झाला तर त्याच्याजवळ एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने मदतीला जायचे, ही मूलभूत सोय राहत नाही. आठ-दहांपेक्षा जास्त झाले तर छोट्या टाक्याचे पाणी आणि गुहेतील जागा दोन्ही अपुऱ्या पडतात.

ओझे

एकूण ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे, म्हणजे साठ किलोच्या माणसासाठी बारा किलो. यातील तीन ते चार किलो पाण्याचेच असते, कारण एक लिटर पाणी एक किलो भरते आणि या रांगेत माणशी तीन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन कोणताही टप्पा सुरू करू नये. उरलेल्या आठ किलोत अंथरूण, कपडे, शिधा आणि सामायिक सामान बसवायचे असते. घरी सर्व वस्तू काट्यावर मोजून वहीत लिहाव्यात. ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेल्या वस्तूंचे वजन हमखास दीड-दोन किलो भरते.

थंडीसाठी झोपायची पिशवी, तिच्याखाली फोमची चटई, एक लोकरी टोपी, वारा अडवणारे जॅकेट आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड पुरतात. अंगावरचा एक आणि रात्रीचा एक असे दोनच पोशाख घ्यावेत. रात्रीचा पोशाख कितीही मोह झाला तरी दिवसा घालू नये. डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाची स्वतंत्र असावी. सामायिक सामानात गॅसची छोटी शेगडी, दोन भांडी, वीस-तीस मीटर दोरी, टाक्यातून पाणी काढण्यासाठी दोरी बांधलेली हलकी बादली, औषधाची पेटी आणि एक मोठी ताडपत्री एवढे असावे. गुहा आणि मंदिरे यांचा आसरा मिळतो म्हणून मी तंबू नेत नाही, पण गुहेच्या छताला मधमाश्यांचे पोळे आढळल्यास उघड्यावर झोपायची तयारी ठेवावी लागते आणि तेव्हा ताडपत्री कामाला येते.

दोरीबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. ती ओझी वर ओढण्यासाठी आणि डळमळलेल्या सहकाऱ्याला आधार देण्यासाठी आहे. प्रस्तरारोहणाचे शिक्षण नसताना तिच्या भरवशावर कड्याला हात घालू नये.

शिधा

माणशी रोज सहाशे ते सातशे ग्रॅम कोरडा शिधा पुरतो. पहिल्या दोन दिवसांसाठी घरून बाजरीच्या किंवा नागलीच्या भाकरी, शेंगदाण्याची आणि खुरासणीची चटणी न्यावी. नागलीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते पण बिघडत नाही. रात्रीसाठी तांदूळ आणि मूगडाळ घरीच मीठ-मसाल्यासह एकत्र करून प्रत्येक रात्रीची वेगळी पुडी बांधावी, म्हणजे अंधारात डबे धुंडाळावे लागत नाहीत. डाळ आधी भाजून घेतल्यास लवकर शिजते आणि गॅस वाचतो. सकाळी जाडे पोहे किंवा गूळ घातलेली नागलीची पेज उत्तम. चालताना खाण्यासाठी शेंगदाणे, गूळ, चिवडा आणि मनुका एका हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात. द्राक्षाच्या तालुक्यांतून चालत असताना मनुका मुंबईहून विकत आणलेले सहकारी मी पाहिले आहेत, त्यांना काय म्हणावे ते सुचत नाही.

गावात मुक्काम असेल तेथे आधी विचारून जेवण सांगता येते. ज्या घरात जेवलो त्या घराला योग्य पैसे स्वतःहून द्यावेत. ती माणसे मागणार नाहीत, म्हणूनच आपण विसरू नये.

नकाशा आणि वेळेचा हिशेब

भारतीय सर्वेक्षण विभागाचे पन्नास हजारी प्रमाणाचे नकाशे या कामासाठी सर्वांत विश्वासार्ह आहेत. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, आणि शेजारच्या दोन समोच्च रेषांतील उंचीचा फरक २० मीटर असतो. ७४ अंश पूर्व रेखांश याच रांगेतून जातो, त्यामुळे जुन्या क्रमांकांनुसार पश्चिमेकडील भाग ४६ एच गटातील नकाशांत आणि पूर्वेकडील भाग ४६ एल गटातील नकाशांत सापडतो. फोनमध्ये जाळ्याविना चालणारा नकाशा उतरवून घ्यावा, पण कागदी प्रत आणि होकायंत्र सोबत ठेवावे, कारण थंडीत फोनची बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम वापरता येतो. सपाटीवरील दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. मात्र हा नियम हलक्या ओझ्याच्या आणि मोकळ्या वाटेच्या माणसासाठी आहे. सातमाळेतील घसारा (म्हणजे पाय घसरवणारा सुट्या माती-दगडांचा उतार), गवत आणि पाठीवरचे ओझे लक्षात घेऊन आलेल्या उत्तराची दुप्पट करावी. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. म्हणून दिवसाची चाल सात तासांहून जास्त आखू नये आणि दुपारी चारनंतर नव्या खिंडीच्या वाटेला लागू नये.

घरी एका जबाबदार माणसाकडे लेखी आखणी ठेवावी. प्रत्येक रात्रीचा मुक्काम, उतरायच्या पर्यायी वाटा, सर्वांचे दूरध्वनी क्रमांक आणि ‘अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करावा’ अशी ठरवलेली वेळ तीत असावी. पायथ्याच्या गावातील पोलीस पाटलांनाही सांगून निघावे.

पहिला दिवस: वणी, मुळाणे बारी, रवळ्या-जवळ्याचे पठार

नाशिकहून एसटीने वणी गाठावी आणि तेथून मिळेल त्या वाहनाने बाबापूरकडे जावे. बाबापूरच्या पुढे रस्ता मुळाणे बारीत चढतो. बारी म्हणजे दोन डोंगरांमधली खिंड. तिच्या पश्चिमेला मार्कंड्या आणि पूर्वेला रवळ्या-जवळ्या उभे असतात. लवकर पोहोचल्यास ओझी खाली सुरक्षित ठेवून मार्कंड्या पाहून येता येतो, पण पहिल्याच दिवशी पाय दमवण्याचे कारण नाही असे माझे मत आहे.

खिंडीतून पूर्वेकडे चढून रवळ्या-जवळ्याच्या विस्तीर्ण पठारावर यावे. दोन्ही किल्ल्यांचे माथे या पठारातून वर उठलेले असून त्यांच्या शेवटच्या चढणी घसाऱ्याच्या आणि उघड्या आहेत, तेव्हा पाठीवर ओझे घेऊन त्या करू नयेत. पठारावरील वस्तीत मुक्कामाची आणि पाण्याची चौकशी करावी आणि त्याच वेळी उद्यासाठी वाटाड्या ठरवून घ्यावा.

वाट विचारण्याची एक पद्धत आहे. ‘दादा, ही वाट धोडपला जाते ना?’ असे विचारले की समोरचा माणूस सौजन्याने ‘जाते की’ म्हणतो, कारण सगळ्याच वाटा कोठून तरी धोडपला जातात. त्याऐवजी ‘ही वाट पुढे कोठे निघते? तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेला होता? गुरे जातात का?’ असे विचारावे. गुरे जात असतील तर वाट बहुधा कड्यावर संपणार नाही. फक्त शेळ्या जात असतील तर दुसरी वाट विचारावी.

दुसरा दिवस: धोडप

हा संपूर्ण मार्गातील सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर टप्पा. पठाराच्या पूर्व टोकाकडून उतरून धोडपच्या दिशेने जाताना ढोरवाटांचे जाळे लागते, आणि वाटाड्याशिवाय येथे दोन-तीन तास सहज वाया जातात. डोंगरकडेने आडवे चालताना मधले अंतर दहा पावलांचे ठेवावे, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसत नाही. दगड सुटल्यास ‘दगड, दगड’ असे मोठ्याने ओरडायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

धोडप सुमारे १४५० मीटर उंच असून राज्यातील सर्वांत उंच किल्ल्यांत गणला जातो. त्याची दक्षिणेकडील सर्वांची ओळखीची वाट हट्टी गावातून येते आणि मधल्या टप्प्यावर सोनारवाडीची वस्ती लागते. उत्तरेकडे ओतूर गाव आहे. अडचण आल्यास उतरायच्या या दोन वाटा आहेत, त्यांपैकी हट्टीची वाट जास्त रुळलेली असून तेथून धोडांबे आणि वडाळीभोईमार्गे मुंबई-आग्रा महामार्ग गाठता येतो. दरवाजे ओलांडून कातळाच्या पायथ्याने गेल्यावर गुहेतील देवीचे मंदिर लागते. तेथे मुक्काम करता येतो आणि जवळ पाण्याचे टाके आहे. पुढे डोंगराची एक पातळ, लांब भिंत बाहेर निघालेली दिसते आणि तिच्या मध्यावर आयताकृती खाच आहे. ही भिंत म्हणजे जुन्या थरांतील भेगेत उसळून गोठलेल्या लाव्ह्याची उभी पट्टी होय. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ती तेवढी उरली. ओझे गुहेत ठेवून संध्याकाळी त्या टोकापर्यंत जाऊन यावे, पण कडेच्या गवतावर पाय टाकू नये. पेशवाईतील घरचे भांडणही येथेच मिटवले गेले. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी याच धोडपच्या परिसरात राघोबादादांचा पराभव करून त्यांना ताब्यात घेतले होते.

पाण्याबद्दल येथेच सविस्तर लिहितो. टाके भरलेले दिसले म्हणजे पाणी पिण्याजोगे असे नाही. आधी कडेला मेलेले जनावर, कचरा किंवा साबणाचा फेस आहे का ते पाहावे. बादलीने मधले पाणी काढून चार पदरी धुतलेल्या सुती कापडातून गाळावे आणि नंतर खळखळून उकळावे, किंवा क्लोरिनचे थेंब बाटलीवरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. उकळण्यासाठी लागणारा गॅस शिध्याच्या हिशेबात आधीच धरलेला असावा. टाक्यात पाय बुडवणे, भांडी विसळणे, तोंड धुणे हे सर्व वर्ज्य. लागेल तेवढे पाणी काढून घेऊन लांब जावे. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जाऊन वीतभर खोल खड्डा करावा आणि तो बुजवावा.

आमच्या पहिल्या प्रयत्नाची गोष्ट या संदर्भात सांगणे भाग आहे. आम्ही तिघे होतो, महिना जानेवारीचा अखेरचा, आणि नोव्हेंबरमध्ये भरलेले पाहिलेले एक टाके त्या रात्रीच्या मुक्कामासाठी मी वहीत लिहून ठेवले होते. संध्याकाळी साडेपाचला पोहोचलो तेव्हा त्यात हिरवट चिखल होता आणि तिघांत मिळून पाऊण लिटर पाणी शिल्लक होते. विजेरीच्या उजेडात उत्तरेकडच्या ओढ्याने उतरून रात्री दहाला एका मळ्यातील वस्तीवर गेलो. कुत्री भुंकली, म्हातारे बाबा बाहेर आले, आणि काही न विचारता त्यांनी आधी हंडा पुढे केला. तेव्हापासून मी टाक्याच्या नोंदीसमोर तारीख लिहितो, आणि ती तीन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ते टाके कोरडे आहे असे समजूनच ओझ्यात पाणी घेतो.

तिसरा दिवस: कंचनाच्या दिशेने

धोडप उतरून पूर्वेकडे निघाल्यावर इखाऱ्याचा सुळका लागतो. तो लांबूनच पाहायचा असतो. त्यावर जाणे हे तंत्रशुद्ध प्रस्तरारोहणाचे काम आहे. येथून कंचनापर्यंतचा टप्पा लांब, उघडा आणि पाण्याच्या बाबतीत बेभरवशाचा आहे, त्यामुळे धोडपवरून निघतानाच माणशी चार लिटर पाणी घ्यावे. ऊन चढण्यापूर्वी निम्मी चाल उरकावी. धारेवरची वाट संशयास्पद वाटल्यास हट्टीला उतरून पायथ्याच्या गावांतून पुढे जावे. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. तहानलेला गट धारेवर अडकण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

कंचनाच्या दक्षिण पायथ्याला खेलदरी गाव आहे. मुक्काम तेथील मंदिरात किंवा शाळेच्या ओसरीवर, गावकऱ्यांची परवानगी घेऊन करावा. दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना छत्रपती शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६७० मध्ये दाऊदखानाच्या मोगल फौजेला वणी-दिंडोरीच्या ज्या लढाईत हरवले, ती याच भागातील कंचन-मंचनच्या खिंडीशी जोडली जाते. खजिन्याने लादलेली घोडी घेऊन ही रांग ओलांडायची म्हणजे काय, याचा अंदाज तीन दिवस ओझे वाहिल्यावर थोडाफार येतो.

चौथा आणि पाचवा दिवस: राजधेर, इंद्राई, चांदवड

सोग्रस फाट्याहून देवळ्याकडे जाणारा रस्ता भावडबारीत ही रांग ओलांडतो. ज्यांचे पाय सोलले आहेत किंवा सुट्टी संपली आहे त्यांनी या रस्त्याने परत फिरावे. पुढे जाणाऱ्यांनी राजधेरवाडी गाठावी. कोळधेर, राजधेर आणि इंद्राई हे तिन्ही किल्ले या गावाच्या भोवती आहेत, म्हणून येथे ओझी गावात ठेवून हलक्या पाठीने फिरण्याची चैन करता येते. ब्रिटिशांनी १८१८ मध्ये हा मुलूख जिंकल्यावर येथील अनेक किल्ल्यांचे मार्ग सुरुंग लावून तोडले; त्यामुळे जेथे पायऱ्या असायच्या तेथे आज शिडी किंवा कातळाचा तुटका टप्पा भेटतो. राजधेरला लोखंडी शिडी आहे. तिच्यावर एका वेळी एकानेच चढावे आणि आधी हाताने हलवून पाहावी. वर कोरीव गुहा आणि टाकी आहेत.

शेवटच्या दिवशी इंद्राईचा कातळ कापून काढलेला पायऱ्यांचा मार्ग पाहावा. मला तो साऱ्या रांगेतील सर्वांत देखणा वाटतो. नंतर चांदवडकडे उतरावे. चांदवड महामार्गावरच आहे आणि तेथून नाशिक सुमारे ६५ किलोमीटर असून एसटी वारंवार मिळते.

धोके

बिबट्याबद्दल सर्व जण विचारतात. प्रत्यक्षात या रांगेत मला सर्वांत जास्त भीती आग्या मोहोळाची वाटते. कातळाच्या छपराखाली ही पोळी लटकलेली असतात. त्यांच्याखाली धूर करू नये, अत्तर किंवा वासाची तेले लावू नयेत, मोठ्याने ओरडू नये. माश्या उठल्याच तर तोंड आणि मान झाकून त्या जागेपासून दूर निघावे, मात्र कड्याच्या काठावर आंधळेपणाने धावू नये. काटे नखाने खरवडून लगेच काढावेत. अनेक दंश झाले असतील, ओठ सुजले असतील किंवा श्वास लागत असेल तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. दगडाच्या फटीत न पाहता हात घालू नये आणि बूट सकाळी झटकल्याशिवाय घालू नयेत. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी, कडे काढावे, दंश झालेला अवयव काठीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू न देता शक्य तितक्या लवकर उचलून खाली आणावे. वणी, कळवण आणि चांदवड येथे शासकीय रुग्णालये आहेत, तेव्हा आपण रांगेच्या कोणत्या बाजूला आहोत यावर कोठे जायचे ते ठरते. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटासाठी ११२ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावेत. बहुतेक उंच धारांवर फोनला संपर्क मिळतो आणि खोल ओढ्यांत तुटतो, म्हणून खाली उतरण्यापूर्वी वरूनच फोन करावा.

शेकोटी मी पूर्णपणे वर्ज्य मानतो. वाळलेल्या गवताच्या पठारावर एक ठिणगी रात्रभरात डोंगर जाळते, आणि त्यात पायथ्याच्या लोकांचा वर्षाचा चाराही जातो.

चांदवडला पोहोचल्यावर एसटीत बसण्यापूर्वी घरच्या त्या जबाबदार माणसाला सर्व जण सुखरूप असल्याचा निरोप द्यावा. मग बूट काढून कुसळे उपटत बसावे आणि हात चालू असतानाच वही उघडून प्रत्येक टाक्यापुढे तारीख, पाण्याची खोली आणि पाणी कसे होते ते लिहावे. दोन दिवसांनी लिहू म्हटले की धोडपचे टाके आणि राजधेरचे टाके डोक्यात एकमेकांत मिसळून जातात.